मुलांच्या हॉस्पिटलला काही ठेवायचं असेल तर नीट लिहून ठेवा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात ज्येष्ठ नागरिकांनी मृत्युपत्र का करावं यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि सोसायटीतल्या तिघींना पण वाचायला दिला. लेख चांगला होता पण सगळं मुलगा, मुलगी, सून, फ्लॅट, दागिने यातच फिरत होतं. आपल्या पैशातला थोडा भाग घराबाहेर, म्हणजे एखाद्या हॉस्पिटलला किंवा शाळेला ठेवायचा असेल तर काय करायचं यावर एक ओळ सुद्धा नव्हती. मला याबद्दल खूप सांगायचंय कारण आमच्या घरात हे घडलंय आणि नको तसं घडलंय, म्हणून पत्र लांबलं तरी कृपया छापा.

माझी आत्या. लग्न केलं नाही तिने, टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, लालबागला चाळीत आमच्याच दोन खोल्यांत राहायची. १९७१ साली माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना एक दिवस सकाळी उठला तर डोळे सुजलेले, आईला वाटलं काहीतरी चावलं असेल, पण दोन दिवसात तोंड सुजलं, पोट फुगलं, चड्डीची नाडी कमरेत रुतायला लागली. परळच्या वाडियात नेलं, मुलांच्या. डॉक्टर म्हणाले नेफ्रोटिक आहे, किडनीतून प्रोटीन लघवीवाटे निघून जातंय. वडील मिलमध्ये पाळीला, आई अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी अडकलेली, त्यामुळे हॉस्पिटलात राहिली ती आत्या. आधी रजा टाकली, रजा संपल्यावर बिनपगारी राहिली.

घरी सोडलं तेव्हा तिथल्या एका सिस्टरने आत्याला लघवीची टेस्ट शिकवली होती. काचेची नळी लाकडी चिमट्यात धरायची, स्टोव्हवर वरचा भाग तापवायचा आणि बघायचं. स्वच्छ राहिली तर ठीक, पांढरी गढूळ झाली तर समजायचं की आठवड्याभरात पोराला परत सूज येणार. आत्या रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी हे करायची आणि एका दोनशे पानी वहीत तारीख टाकून पुढे एकच शब्द लिहायची, 'स्वच्छ' किंवा 'गढूळ' किंवा 'दही'. दही लिहिलं की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. भावाला मीठ बंद होतं, तो ताटावर बसून मिठाच्या बरणीकडे बघत रडायचा, म्हणून आत्या त्याच्या शेजारी बसून स्वतः पण बिनमिठाचं जेवायची, महिनोन् महिने. गोळ्या चालू, बंद, परत सूज, परत परळ, असं होत होत बाराव्या वर्षाच्या आसपास ते दुखणं थांबलं ते थांबलंच. भाऊ आज ५८ वर्षांचा आहे, नाशिकला असतो, दोन मुलींचा बाप आहे. त्या सगळ्या वर्षांत हॉस्पिटलने आमच्याकडून फार काही घेतलं नाही आणि द्यायला आमच्याकडे नव्हतंही.

आत्या २०१६ मध्ये गेली, ८४ व्या वर्षी. कपाट आवरताना ती वही सापडली. शेवटच्या पानावर, टेस्टच्या नोंदी संपल्यावर कितीतरी वर्षांनी वेगळ्या पेनाने लिहिलेलं होतं, तारीख २००९ ची, 'माझ्या पैशातले निम्मे लहान मुलांच्या दवाखान्याला द्यावे, बाकीचे घरच्यांनी वाटून घ्यावे' आणि खाली सही. एवढंच.

तिच्या एफड्या सगळ्या मिळून साधारण १८ लाखांच्या होत्या. त्यावर नॉमिनी होता आमचा चुलत भाऊ, कारण ज्या वर्षी एफडी केल्या त्या वर्षी तिला बँकेत घेऊन जायला तोच होता. वहीतलं पान मी सगळ्यांना दाखवलं. तो म्हणाला आत्याने मला नॉमिनी केलं म्हणजे मलाच द्यायचं होतं, आणि दवाखान्याला म्हणजे कुठल्या दवाखान्याला, नाव तरी लिहिलंय का. वकिलाकडे गेलो तर वकील पहिल्या मिनिटातच म्हणाले हे मृत्युपत्र होत नाही, साक्षीदार कुठे आहेत? सही तिचीच आहे, अक्षर तिचं आहे, आम्हा पाची भावंडांना त्यात काही शंका नव्हती, पण कायद्याला दोन साक्षीदार लागतात आणि ते नव्हते. म्हणजे आत्या मृत्युपत्र न करता गेली असंच धरलं गेलं आणि पैसे तिच्या भावांच्या मुलांत, म्हणजे आमच्या दोन घरांत निम्मे निम्मे गेले. हे व्हायला पण तीन वर्ष गेली, नोटिसा झाल्या, त्यानंतर काकाच्या घरातलं कोणी आमच्याकडे गणपतीला येत नाही. मी आणि भावाने आमच्या वाट्याला आले त्यातले निम्मे हॉस्पिटलला दिले. आत्याचे नऊ लाख जायचे होते, गेले साडेचार. मला आजही ते साडेचार डोळ्यासमोर येतात जे नाही गेले. आणि मी पोस्टात ३३ वर्ष नोकरी केलेली बाई, मयत खातेदारांचे क्लेम याच हातांनी पास केलेत मी, पण माझ्या स्वतःच्या आत्याला कधी विचारलं नाही की तू काही लिहून ठेवलंयस का. कारण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे तिच्या मरणावर टपून बसणं असंच वाटतं सगळ्यांना.

म्हणून जे मी नंतर शिकले ते लिहिते. वकील नाही मी, पण आता चार वकिलांशी बोलून, वाचून, स्वतःचं मृत्युपत्र करून झालंय.

पहिली गोष्ट साक्षीदार. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलं तरी चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, स्टॅम्प ड्यूटी लागत नाही. पण दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. आत्याच्या शेजारी दोन घरं सोडून दोन माणसं सहज मिळाली असती, दहा मिनिटांचं काम होतं. ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नका, वयाने आपल्यापेक्षा लहान घ्या, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा की बाई पूर्ण शुद्धीत आहे. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण सब रजिस्ट्रारकडे जाऊन करून घ्या, नंतर कोणी म्हणायला नको की हे तिने लिहिलंच नाही.

दुसरी गोष्ट नॉमिनी, आणि इथे मी जरा ओरडूनच सांगेन कारण पोस्टात रोज हाच गैरसमज बघितलाय. बँकेच्या एफडीचा नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नाही. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, पण ते पैसे शेवटी कोणाचे हे मृत्युपत्र ठरवतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि ती केस आपल्याच मराठी माणसांची होती, साळगावकर कुटुंबातली. त्यामुळे नुसतं नॉमिनेशन करून निवांत बसू नका. आणि कोणाला वाटत असेल की सोपं आहे, एफडीला हॉस्पिटललाच नॉमिनी करून टाकू, तर तेही होत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी फॉर्मवर हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, इथे माणसाचंच नाव लागतं, संस्थेचं चालत नाही." बरोबर बोलली ती, बँक ठेवींना नियमच तसा आहे. म्युच्युअल फंडात धर्मादाय ट्रस्ट नॉमिनी म्हणून चालतो, बँकेत नाही. म्हणजे फिरून फिरून मृत्युपत्राशिवाय दुसरा रस्ता नाही.

तिसरं म्हणजे नाव. 'लहान मुलांचा दवाखाना' हे नाव नाही. अहो नुसतं 'वाडिया हॉस्पिटल' लिहिलं तरी पुरत नाही, परळला आचार्य दोंदे मार्गावर एकाच आवारात दोन वाडिया आहेत, एक नवरोसजी वाडिया मॅटर्निटी, १९२६ चं, आणि दुसरं मुलांचं बाई जेरबाई वाडिया, १९२९ चं. सगळा मुंबईकर दोघांना वाडियाच म्हणतो. तुम्ही गेल्यावर वकील आणि नातेवाईक यांच्यात भांडण लागणार की बाईच्या मनात बाळंतिणींचं होतं की मुलांचं. म्हणून पूर्ण नाव, पत्ता, ट्रस्टचा रजिस्ट्रेशन नंबर आणि पॅन लिहायचा. आणि पुढे एक वाक्य असं पण टाकायचं की ती संस्था तेव्हा चालू नसेल किंवा दुसऱ्या संस्थेत गेली असेल तर ज्या संस्थेने तिचं काम घेतलं तिला द्यावं, नाहीतर मुलांवर उपचार करणाऱ्या दुसऱ्या धर्मादाय हॉस्पिटलला द्यावं, ते ठरवायचा अधिकार माझ्या एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायला मी नेमलेल्या माणसाला.

चौथं माझ्या फार मनाजवळचं आहे. आपल्याला दान दिलं की नाव दिसायला हवं असतं. देवळात पंख्याच्या पात्यावर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या कूलरवर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. मी त्याला वाईट म्हणत नाही, ज्याचा माणूस गेलाय त्याला ते नाव बघून बरं वाटतं, मलाही वाटलं असतं. पण हॉस्पिटलला ठेवताना 'याच वॉर्डसाठी', 'याच मशीनसाठी' असं घट्ट बांधून ठेवू नका. विचार करा, १९६५ साली कोणी लिहून ठेवलं असतं की माझे पैसे पोलिओच्या मुलांच्या वॉर्डसाठीच वापरावेत. तेव्हा त्याहून योग्य काही नव्हतंच. आज काय? देशातली पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ ची, मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ते पैसे मग ट्रस्टला दुसरीकडे वापरायचे तर कोर्टाचे उंबरे झिजवायला लागतात. माझ्या भावाला १९७१ मध्ये काचेची नळी आणि स्टोव्ह लागला, आज नेफ्रोटिकच्या पोराच्या आईला घरी पट्टी बुडवून रंग बघता येतो. वीस वर्षांनी काय लागेल ते तिथले डॉक्टर ठरवतील ना. 'मुलांच्या उपचारासाठी, जिथे गरज असेल तिथे' एवढं लिहिलं की झालं.

आणि आकडा लिहू नका, टक्के लिहा. १९७५ मध्ये कोणी दहा हजार लिहिले असते तर तेव्हा ती मोठी रक्कम होती, आज त्यात हॉस्पिटलचा काय खर्च भागणार. शिवाय उलटंही होतं, शेवटच्या आजारपणात सगळी शिल्लक संपते आणि मृत्युपत्रात पाच लाखांचा आकडा तसाच राहतो, मग मुलांना वाटतं आमच्या तोंडचं काढून दिलं. शिल्लक राहील त्याचे दहा टक्के म्हटलं की जास्त राहिलं तर जास्त, कमी राहिलं तर कमी, कोणावर अन्याय नाही.

फ्लॅटचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच जणांकडे रोख कमी आणि फ्लॅट मोठा असं असतं. फ्लॅट थेट ट्रस्टच्या नावे लिहून दिला की तो ट्रस्टची मालमत्ता होतो आणि तो विकायचा तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यात वेळ जातो, तोपर्यंत मेंटेनन्स चढत राहतो आणि सोसायटीवाले हॉस्पिटलला पत्रं पाठवत बसतात. त्यापेक्षा मृत्युपत्रात असं लिहावं की एक्झिक्युटरने फ्लॅट विकावा आणि आलेल्या पैशातले इतके टक्के अमुक हॉस्पिटलला द्यावेत. हे मला तिसऱ्या वकिलांनी सांगितलं, पहिल्या दोघांच्या डोक्यात पण आलं नव्हतं.

धर्माप्रमाणे पण फरक आहे तो विसरू नका. हिंदू माणूस स्वतः कमावलेलं सगळं आणि वडिलोपार्जितमधला फक्त आपला हिस्सा देऊ शकतो. मुसलमानांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. माझी वहिनी म्हापशाची, त्यांच्याकडे गोव्यात मुलं असतील तर निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखलेलीच असते, उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. आणि पोस्टातली माझी मैत्रीण वसईची, ख्रिश्चन, तिला तर असंच माहीत होतं की भाचा पुतण्या कोणी जिवंत असेल तर धर्मादाय संस्थेला ठेवता येतच नाही. ते अगदीच खोटं नव्हतं, वारसा कायद्यात ११८ नंबरचं कलम होतं, जवळचा नातेवाईक असेल तर मरणाच्या निदान बारा महिने आधी मृत्युपत्र केलेलं हवं आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारकडे जमा केलेलं हवं, नाहीतर दान रद्द. केरळच्या एका पाद्रींनी त्यावर केस केली आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच काढून टाकलं. वीस बावीस वर्ष झाली तरी माझ्या मैत्रिणीपर्यंत ही बातमी पोचली नव्हती. ही बातमी तुमच्यासारख्या पेपरांनी पोचवायला हवी.

आता कोणी म्हणेल हे दान बिन शेटजींचं काम, आपल्यासारख्या पेन्शनवाल्यांचं नाही. मला पण आधी तसंच वाटायचं. मुंबईतली कितीतरी हॉस्पिटलं कोणी तरी दिलेल्या किंवा मागे ठेवलेल्या पैशातूनच उभी आहेत. मुलांचं वाडिया सर नेस आणि सर कसरो या दोघा भावांनी आईच्या नावाने बांधलं. केईएमला लागून जे मेडिकल कॉलेज आहे ते गोरधनदास सुंदरदास या शेटजींच्या मागे त्यांच्या ट्रस्टींनी दिलेल्या पैशातून झालं, आणि त्यांची अट काय होती तर शिकवणारे सगळे डॉक्टर हिंदुस्थानीच हवेत, १९२५-२६ च्या काळात! रतन टाटांनी, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या मुलाने, १९१३ मध्येच मृत्युपत्र केलं होतं, १९१८ मध्ये ते गेले आणि १९१९ मध्ये त्यातून ट्रस्ट झाला तो आजही चालू आहे. हे सगळे मोठे लोक खरे. पण त्यांनी जे लिहिलं ते नीट लिहिलं म्हणून शंभर वर्ष चाललं, आणि नीट लिहायला श्रीमंत असावं लागत नाही.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलची गोष्ट तर मला फार आवडते. १८५२ मध्ये दहा खाटांवर सुरू झालेलं हॉस्पिटल ते. जे. एम. बॅरी म्हणून नाटककार होते, स्वतःचं मूल नव्हतं, त्यांना हॉस्पिटलने १९२९ मध्ये जागा घेण्यासाठीच्या कमिटीत बोलावलं. ते कमिटीत आले नाहीत, पण थोड्या दिवसांनी आपल्या 'पीटर पॅन' या नाटकाचे सगळे हक्कच हॉस्पिटलला देऊन टाकले, मृत्युपत्रात पण ते पक्कं केलं आणि एकच विनंती केली की यातून किती पैसे मिळाले ते कधी जाहीर करू नका. १९३७ मध्ये ते गेले. पन्नास वर्षांनी कॉपीराइट संपला तेव्हा तिथल्या पार्लमेंटने १९८८ च्या कायद्यात खास तरतूद केली की ब्रिटनमध्ये या नाटकाची रॉयल्टी हॉस्पिटलला कायम मिळत राहील. परळचं मुलांचं हॉस्पिटल पण त्याच १९२९ सालचं. मला हे कळलं तेव्हा आत्याची खूप आठवण आली. तिच्याकडे नाटक नव्हतं, एफड्या होत्या.

ब्रिटनमध्ये एक फायदा आहे, वारसा कर ४० टक्के आहे आणि मालमत्तेचा दहावा भाग धर्मादाय संस्थेला ठेवला तर बाकीच्यावर तो ३६ टक्के होतो, त्यामुळे तिथला वकीलच आधी विचारतो की काही दान ठेवायचंय का. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. त्यामुळे मृत्युपत्रातल्या दानाने कोणाचा टॅक्स वाचत नाही, म्हणून सीए सांगत नाही, वकील विचारत नाही, बँकवाले तर नाहीच नाही. ज्याच्या मनात असतं तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो.

माझ्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी खोडून काढणार नाही. तो म्हणाला, "आई, मेल्यावर कशाला, आत्ता दे ना. पोरांना गरज आत्ता आहे आणि तुला ८०जीची टॅक्स सूट पण मिळेल." बरोबर आहे त्याचं. म्हणून मी दरवर्षी थोडे देते, चेकने देते कारण दोन हजारांच्या वर कॅशला सूट नाही (आणि ८०जी जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळतं, हे पण लोकांना माहीत नसतं). पण मोठी रक्कम मी आत्ता देऊ शकत नाही. मी ७० ची आहे, उद्या कंबरेचं हाड मोडलं, दिवसरात्र बाई ठेवायला लागली तर खर्च कुठे जाईल सांगता येत नाही, आणि मला मुलांपुढे हात पसरायचे नाहीत. मृत्युपत्राचं हेच बरं आहे की जिवंतपणी सगळं माझंच राहतं, मन बदललं तर फाडून नवीन करता येतं. मृत्युपत्राचं मी मुलांना सांगितलं तेव्हा मुलगी दोन दिवस काही बोलली नाही. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, आम्हाला आधी सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर तेराव्यानंतर वकिलाच्या तोंडून ऐकलं असतं तर राग आला असता." मुलगा अजूनही पूर्ण खूश नाही. पण त्याला माहीत आहे आणि दोघांनी ते वाचलंय, आणि माझ्या मते साक्षीदारांइतकंच हे पण महत्त्वाचं आहे.

अजून एक दुखणं लिहायचं राहिलं. मी स्वतःचं मृत्युपत्र करताना एका मुलांच्या हॉस्पिटलला फोन केला, नाव लिहित नाही, त्यांचा हेतू वाईट नव्हता. मला फक्त ट्रस्टचं कायदेशीर नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा होता. पहिल्या माणसाने बिलिंगला दिलं, बिलिंगने अकाउंट्सला, अकाउंट्सवाल्याने विचारलं पेशंटचं नाव काय, मी म्हटलं पेशंट नाही हो, मृत्युपत्रात लिहायचंय, तर तो म्हणाला, "मॅडम डोनेशन वेबसाईटवर ऑनलाईन करून टाका." चार दिवसांत सहा फोन झाले. शेवटी मी ट्रेनने स्वतः गेले, तिथल्या एका क्लार्क मुलीने आतून जुनी फाईल काढून नंबर कागदावर लिहून दिला आणि चहा पण पाजला. पण माझ्याजागी ८० वर्षांचं कोणी असतं तर दुसऱ्या फोनलाच सोडून दिलं असतं आणि त्या हॉस्पिटलला कधी कळलंही नसतं की काय गेलं ते. माझी सगळ्या धर्मादाय हॉस्पिटलांना हात जोडून विनंती आहे, वेबसाईटवर आणि केसपेपरच्या खिडकीपाशी एक बोर्ड लावा, आमचं पूर्ण कायदेशीर नाव हे, रजिस्ट्रेशन नंबर हा, पॅन हा, मृत्युपत्रात आम्हाला काही ठेवायचं असेल तर या माणसाला भेटा. लाजायचं काही कारण नाही यात. लोकांच्या मनात असतं हो. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पोराला मांडीवर घेऊन बसलेले आईबाप बघितलेत ना सगळ्यांनी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळायची वाट बघणारे बघितलेत. जानेवारी २०२० मध्ये अनुदान अडकलं म्हणून वाडिया बंद पडायची वेळ आली होती, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेलं, ते पण सगळ्यांनी वाचलंय. सरकारने द्यायलाच हवं, ते त्यांचं कामच आहे, आपण मागत राहू. पण ज्या हॉस्पिटलकडे स्वतःचा चार पैशांचा साठा असतो त्याला अनुदान दोन महिने उशिरा आलं तर खाटा रिकाम्या करायला लागत नाहीत.

मी माझ्या मृत्युपत्रात लिहिलंय की शिल्लक राहील त्यातले पंधरा टक्के मुलांच्या हॉस्पिटलला, पूर्ण नावानिशी. दहा माझे आणि पाच आत्याचे जे राहिले त्यातले. साक्षीदार आमच्या बिल्डिंगमधले दोघे, दोघेही चाळिशीतले, एक्झिक्युटर माझी मुलगी. मागच्या महिन्यात रजिस्टर झालं.

तुम्हाला एवढंच सांगायचंय की एखाद्या चांगल्या वकिलाकडून मृत्युपत्रातल्या अशा पाच सहा ओळींचा नमुना मराठीत लिहून घेऊन छापा, लोक कात्रण काढून ठेवतील, मी तर नक्कीच ठेवीन आणि पेन्शनच्या दिवशी पोस्टात येणाऱ्यांना वाटीन. सोबत आत्याच्या वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडलाय, आणि त्याच्या आधीचं एक पान पण, ज्यात ओळीने सतरा दिवस 'स्वच्छ' लिहिलंय. सही झाकली आहे. छापायला माझी आणि भावाची हरकत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)